डॉक्सोरुबिसिन: मातीतून आलेले लाल औषध

कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन या औषधाचे मूळ स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या मातीतल्या जिवाणूंत आहे. हे जिवाणू बुरशीसारखे तंतूंनी वाढतात. पहिल्या सरींनंतर दरवळणारा मृद्गंधही बव्हंशी त्यांचाच. चिमूटभर मातीत असंख्य सूक्ष्मजीव एकाच अन्नासाठी झगडत असतात. त्या झगड्यात शेजाऱ्यांना रोखण्यासाठी स्ट्रेप्टोमायसीस नाना प्रकारची विषे तयार करतात, असे मानले जाते. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके त्यांतलीच.

कर्करोगाच्या उपचारांत ही रसायने आली ती त्यांच्या विषारीपणामुळे. अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन आणि बॉइड वुड्रफ यांनी १९४० मध्ये अ‍ॅक्टिनोमायसिन वेगळे केले. त्याने रोगजंतू मरत, पण प्रयोगातले प्राणीही दगावत, म्हणून प्रतिजैविक म्हणून ते निकामी ठरले. मात्र भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारे विष गाठीच्या पेशींनाही मारू शकते. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी त्याचा एक प्रकार, अ‍ॅक्टिनोमायसिन डी, लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्स ट्यूमरवर वापरला आणि त्याचा गुण आला. जपानमध्येही असाच शोध सुरू होता. तिथे मायटोमायसिन सापडले आणि १९६६ मध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटाने ब्लिओमायसिन जाहीर केले.

इटलीत हे काम मिलानच्या फार्मितालिया या औषध कंपनीने हाती घेतले. देशाच्या दक्षिणेकडील पुलिया प्रांतात कास्तेल देल मोंते हा तेराव्या शतकातला अष्टकोनी किल्ला आहे. त्याच्या परिसरातून आणलेल्या मातीत गडद लाल रंगद्रव्य तयार करणारा स्ट्रेप्टोमायसीस प्युसेटियस सापडला. ते द्रव्य उंदरांच्या गाठींवर परिणामकारक ठरले. त्या भागातल्या प्राचीन डाउनी लोकांचे नाव आणि माणकाचा लाल रंग यांवरून त्याला डाउनोरुबिसिन म्हटले गेले. त्याच सुमारास फ्रान्समधील संशोधकांनाही तेच द्रव्य स्वतंत्रपणे मिळाले होते. १९६० च्या दशकात तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला, पण काहींचे हृदय त्याने निकामी केले.

मग फार्मितालियात मूळ जिवाणूवर रसायनाचा प्रयोग करून त्याच्यात उत्परिवर्तन घडवण्यात आले. या नव्या वाणाने वेगळे लाल द्रव्य दिले. फेडेरिको आर्कामोने आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे नाव मिळाले, तेच डॉक्सोरुबिसिन. दोन्ही रेणूंत फरक एका ऑक्सिजन अणूचा. तेवढ्यावर औषधाचा आवाका वाढला: रक्तकर्करोगाखेरीज स्तनाच्या कर्करोगासारख्या घट्ट गाठींवरही ते चालू लागले. अमेरिकेत १९७४ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

या रेणूतली चपटी कडी डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये शिरते. पेशी विभागताना टोपोआयसोमरेज हे विकर डीएनए कापून पुन्हा सांधत असते; औषधामुळे काप तसाच उघडा राहतो आणि पेशी मरते. स्वतः जिवाणू यातून वाचतो, कारण त्याच्या पेशीच्या पटलात हे विष बाहेर फेकणारा प्रथिनांचा पंप असतो. त्याची जनुके १९९१ मध्ये ओळखली गेली.

हृदयाचा धोका मात्र नव्या औषधानेही टळला नाही. म्हणून रुग्णाला आयुष्यभरात द्यायच्या एकूण मात्रेवर मर्यादा आली. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५५० मिलिग्रॅम हा आकडा दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. औषध शिरेतूनच द्यावे लागते. ते शिरेबाहेर झिरपले तर भोवतालचे मांस सडते, त्यामुळे सुई टोचलेल्या जागेवर नजर ठेवावी लागते. उपचारानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. धोका कमी करण्यासाठी रेणूत किरकोळ बदल करून एपिरुबिसिनसारखी औषधे निघाली. १९९५ मध्ये अमेरिकेत मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेले डॉक्सोरुबिसिन उपलब्ध झाले.

जिवाणू डॉक्सोरुबिसिन अगदी थोडे तयार करतो. त्यामुळे कारखान्यात बहुधा टाक्यांत जिवाणू वाढवून आधी डाउनोरुबिसिन मिळवतात आणि तो एक ऑक्सिजन अणू नंतर रासायनिक प्रक्रियेने जोडतात.