हाउग, मार्टिन

(३० जानेवारी १८२७–३ जून १८७६). जर्मन संस्कृतज्ञ, वेद व अवेस्ता (पारशांचा धर्मग्रंथ) यांचे अभ्यासक आणि पुणे कॉलेजातील संस्कृत अध्यापनाचे अधीक्षक (१८५९–६६). ऐतरेय ब्राह्मणाची पहिली छापील आवृत्ती व तिचे इंग्रजी भाषांतर हे त्यांचे मुख्य काम. यज्ञावर लिहायचे तर यज्ञ पाहिला पाहिजे, हा आग्रह त्यांनी पुण्यात स्वखर्चाने पुरा केला. त्यांच्या काळच्या युरोपीय वेदाभ्यासकांत ही गोष्ट दुर्मीळ होती.

जन्म वुर्टेम्बर्गमधील बालिंगेनजवळच्या ओस्टडोर्फ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. लहान वयातच गावच्या शाळेत मदतनीस म्हणून काम पत्करून ते उरलेल्या वेळात हिब्रू, लॅटिन आणि संस्कृत शिकले. संस्कृतसाठी गुरू नव्हता. बॉप यांनी छापलेले नलोपाख्यान हेच त्यांचे पहिले पुस्तक. १८४८ मध्ये ते ट्युबिंगेन विद्यापीठात गेले. पुढे गटिंगेनला बेन्फाय यांच्याकडे त्यांनी अध्ययन केले, १८५४ पासून बॉन येथे अध्यापन केले आणि नंतर हायडेलबर्गला बुन्सेन यांच्या बायबलविषयक प्रकल्पात काम केले. अवेस्तातील गाथांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १८५८ ते १८६० या काळात प्रसिद्ध झाला. तो पुरा होण्याच्या सुमारास मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे बोलावणे आले आणि ते पुण्याला आले.

पुणे कॉलेज हे विश्रामबागवाड्यातील १८२१ च्या संस्कृत पाठशाळेचे बदललेले रूप. शास्त्री-पंडितांची जुनी परंपरा तिथे अजून जिवंत होती, पण तिचा भर व्याकरण, न्याय, अलंकार यांवर. श्रौतकर्म जाणणारे याज्ञिक वेगळे. त्यांची विद्या वर्गात नव्हे, अग्नीसमोर दिली जाई, आणि परदेशी माणसाला ती देणे म्हणजे जातभाईंचा रोष ओढवून घेणे. हाउग यांना नेमकी हीच विद्या हवी होती. ऐतरेय ब्राह्मण हा होत्याच्या, म्हणजे यज्ञात ऋचा म्हणणाऱ्या ऋत्विजाच्या, उपयोगाचा ग्रंथ आहे. आठ पंचिका, चाळीस अध्याय, आणि त्यांतला मोठा भाग सोमयागाचा. कोणत्या क्षणी कोणते शस्त्र (स्तुतिपाठ) म्हणायचे, श्वास कुठे तोडायचा, अध्वर्यूने काय हाकारल्यावर होत्याने काय प्रत्युत्तर द्यायचे, हे सारे ग्रंथ गृहीत धरतो. समोर यज्ञमंडप असल्यासारखाच तो बोलतो. सायणभाष्यानेही ही अडचण पुरी सुटत नाही, कारण सायणही जाणत्या वाचकासाठीच लिहीत होते.

हाउग यांनी सोमयाग केलेला एक श्रोत्रिय गाठला, भरपूर दक्षिणा कबूल केली आणि आपल्या आवारातील एका आडोशाच्या जागी सुमारे पाच दिवस मुख्य विधी त्याच्याकडून करवून घेतला, समजावून घेतला, टिपून ठेवला. याज्ञिकांच्या हातपोथ्याही मिळवल्या. सोमरसही चाखला. रस पांढुरका, कडवट, घशाला ओढणारा. थोडी झिंग आणणारा, पण चार-दोन चमच्यांपलीकडे घेववेना, असे त्यांनी नोंदवले आहे. सोमाच्या स्तुतीत ऋग्वेदाचे एक अख्खे मंडल खर्ची पडले आहे, हे लक्षात घेतले तर ही नोंद वाचताना हसू आवरत नाही. अर्थात दख्खनी याज्ञिक वापरतात ती बिनपानांची वेल म्हणजे वेदकाळचा सोमच, असे धरून चालण्याचे कारण नाही.

मूळ संहिता, भाषांतर आणि टिपा असा हा ग्रंथ १८६३ मध्ये मुंबईत दोन खंडांत निघाला. संपादन, भाषांतर, स्पष्टीकरण : मार्टिन हाउग, असे त्याच्या मुखपृष्ठावर आहे, श्रोत्रियाचे नाव तिथे नाही. माक्स म्यूलर यांनी सामग्रीचे कौतुक केले, वेबर यांनी भाषांतरातील चुका काढल्या, तरुण रा. गो. भांडारकरांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’मध्ये परखड परीक्षण लिहिले. भाषांतर आज जुने झाले आहे. १९२० मध्ये आलेले कीथ यांचे भाषांतर अधिक काटेकोर मानले जाते. पण कर्माची माहिती हवी असली की अभ्यासक अजूनही हाउग यांच्या टिपा उघडतात, आणि त्या टिपांचे निम्मे श्रेय त्या अनाम याज्ञिकाचे आहे.

याच ग्रंथाच्या पाचव्या पंचिकेच्या अखेरीस अग्निहोत्राचा एक जुना वाद आहे : सकाळची आहुती सूर्य उगवण्याआधी द्यावी की उगवल्यावर? ऐतरेयाचा कौल उगवल्यावर. आधी देणे म्हणजे न जन्मलेल्या वासराला आचळ लावण्यासारखे, अशी त्याची उपमा. अक्कलकोटजवळच्या शिवपुरीत रूढ झालेले आजचे अग्निहोत्र पाहिले तर या वादाला वेगळेच महत्त्व येते.  या अग्निहोत्राची कहाणी विसाव्या शतकातील, शिवपुरीच्या गजानन महाराजांची (१९१८–८७). महाराजांनी शिवपुरीत सोमयाग करवले आणि अग्निहोत्राला घरगुती रूप दिले. तांब्याचे पिरॅमिडच्या आकाराचे पात्र, गाईच्या शेणाच्या गोवऱ्या, तूप, चिमूटभर अक्षता आणि सूर्योदय-सूर्यास्ताची अचूक वेळ. श्रौत अग्निहोत्राला तीन अग्नी, अग्न्याधान केलेला यजमान आणि त्याची पत्नी लागते. शिवपुरीच्या अग्निहोत्राला जात, लिंग वा देश यांची अट नाही. हे रूप जर्मनीतही पोहोचले. ज्या देशातला प्राध्यापक दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आडोशाला बसून यज्ञ टिपत होता, तिथले लोक आता वेळापत्रक पाहून स्वतः आहुती देतात. याज्ञिक परंपरेला हे रूप कितपत मान्य व्हावे हा प्रश्न वेगळा. वेळेचा काटेकोरपणा मात्र ब्राह्मणग्रंथाच्या वळणाचाच आहे.

यज्ञ हा नंतर वाढलेला कर्मकांडाचा पसारा, हे त्या वेळचे युरोपीय मत हाउग यांना मान्य नव्हते. अवेस्तातला झओतर आणि वेदातला होता, हओम आणि सोम ही जोडी दाखवून यज्ञसंस्था भारतीय-इराणी फाटाफुटीच्याही आधीची आहे, असे त्यांनी मांडले. हे मुख्यतः टिकले. देव-असुर शब्दांच्या उलट्या अर्थांवरून त्यांनी दोन शाखांत प्रत्यक्ष धर्मकलह झाल्याची जी कल्पना केली, ती मात्र पुढे मागे पडली. वेदांगज्योतिषाच्या आधारे त्यांनी सर्वांत जुन्या सूक्तांचा काळ इ.स.पू. २४०० पर्यंत मागे नेला. टिळकांनी ‘ओरायन’मध्ये (१८९३) या मताची दखल घेतली आहे, त्यांना स्वतःला त्याहूनही मागे जायचे होते.

पारशी समाजात हाउग यांचे नाव वैदिकांपेक्षा अधिक आदराने घेतले गेले. अवेस्तातील केवळ गाथा जरथुश्त्राच्या स्वतःच्या आणि त्यांची शिकवण एकेश्वरी, हे त्यांचे मत सुधारकांना मिशनऱ्यांच्या टीकेपुढे हाताशी आले. पारशांच्या धर्मग्रंथांवरील त्यांचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले. १८६३–६४ च्या हिवाळ्यात सरकारी खर्चाने गुजरातचा दौरा करून त्यांनी हस्तलिखिते जमवली. दस्तूर होशंगजी जामास्पजी यांच्यासह केलेले अवेस्ता व पहलवी शब्दकोश १८६७ आणि १८७० मध्ये निघाले. या शब्दकोशांच्या मुखपृष्ठावर मात्र दस्तुरांचे नाव आहे.

१८६६ मध्ये ते परतले. पुण्यातील त्यांची जागा कीलहॉर्न यांनी घेतली. १८६८ पासून हाउग म्युनिक येथे संस्कृत व तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘ब्रह्म’ शब्दाच्या मूळ अर्थावर आणि ऋग्वेदातील दीर्घतमसाच्या कूटसूक्तावर त्यांनी तिथे लिहिले. वैदिक स्वरांवरील १८७४ च्या निबंधात प्रत्यक्ष ऐकलेले पठण पुन्हा कामी आले : ऋग्वेदी पाठकाच्या तोंडी सर्वांत उंच लागतो तो उदात्त नव्हे, स्वरित. यावरून प्राचीन उच्चाराविषयी त्यांनी काढलेला निष्कर्ष इतरांनी स्वीकारला नाही.

स्वित्झर्लंडमधील रागात्स येथे, वयाच्या पन्नाशीच्या आतच, त्यांचे निधन झाले. पारशी धर्मावरील निबंधांची वाढवलेली आवृत्ती ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी १८७८ मध्ये काढली. पुणे व गुजरातेत जमवलेली त्यांची हस्तलिखिते म्युनिकच्या शाही ग्रंथालयाने घेतली.