माणूस केंद्रस्थानी, पण कोणता माणूस?

शहरांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांच्या बैठकांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक शब्द चांगलाच रुळला आहे: 'ह्युमन सेंटर्ड डिझाइन'. माणूसकेंद्री रचना. सांगणे साधे आहे. संडास असो, बसथांबा असो की दवाखाना, तो ज्यांच्यासाठी बांधायचा त्यांच्यात जाऊन बसा, त्यांचा दिवस पाहा, अडचण समजून घ्या, छोटा नमुना करून दाखवा, त्यांच्या सूचनांनी तो बदला आणि मगच पैसा घाला. २००९ मध्ये 'आयडियो' या अमेरिकन कंपनीने सामाजिक संस्थांसाठी या पद्धतीची एक पुस्तिका काढली आणि हा विचार आपल्याकडच्या संस्थांतही पोहोचला. आता वस्त्यांत रंगीत चिठ्ठ्या आणि मार्कर घेऊन तरुण मुले-मुली येतात. चांगल्या मनाने येतात, आणि आमचा त्यांना विरोध नाही.

पण वस्तीत काम करणारे आणि फुले-आंबेडकरांच्या विचाराने चालणारे म्हणून आम्हाला एक प्रश्न विचारावाच लागतो. केंद्रस्थानी माणूस आहे म्हणता, तो कोणता? या देशात 'माणूस' हा शब्द सगळ्यांना सारखा लागू झालेला नाही. जातीने ज्याला कामाच्या शेवटच्या टोकाला उभे केले आहे, त्याला विचारल्याशिवाय केलेली कोणतीही रचना माणूसकेंद्री होत नाही. हे आमचे म्हणणे आहे, आणि मुंबई-पुण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास त्याला साक्ष आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. माणसांना विचारून रचना करणे हा कंपन्यांचा शोध नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेमध्ये कारखान्यांत संगणक येऊ लागले, तेव्हा तिथल्या लोखंड व धातू कामगारांच्या युनियनने क्रिस्टन निगार्ड या संशोधकाला सोबत घेतले. नवे यंत्र कसे असावे, कोणाच्या हाती असावे, यावर कामगारांचे म्हणणे असले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. लोकसहभागी रचनेची परंपरा तिथून वाढली. म्हणजे या विचाराच्या मुळाशी युनियन होती, हक्काची मागणी होती. बाजारात येईपर्यंत त्यातला कामगार गळाला आणि उरला तो 'वापरकर्ता'. हा शब्दांचा साधा फेरफार नाही. वापरकर्त्याची अडचण असते, कामगाराचा हक्क असतो.

आता मुंबईकडे येऊ. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्ती हेच रोगाचे घर, असे धरून ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या. समुद्राचा वारा शहरात खेळावा म्हणून रुंद रस्ते काढले. वाऱ्याचा विचार झाला, उजेडाचा झाला. ज्यांची घरे पाडली ते रात्री कुठे झोपतील, याचा विचार मात्र मागाहून झाला. सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जेवढ्या खोल्या बांधल्या त्याहून जास्त पाडल्या. माणसे शेजारच्या वस्त्यांत दाटीने शिरली आणि ट्रस्टला जी दाटी मोडायची होती ती दुसऱ्या गल्लीत उभी राहिली. याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत १९१२ पासून रामजी आंबेडकरांचे कुटुंब राहिले. बाबासाहेबांनी दोन दशके त्या चाळीत काढली. मजुरांच्या घराचा प्रश्न त्यांना अहवालात वाचावा लागला नाही.

त्यानंतरचा प्रसंग आहे १९२८ च्या गिरणी संपाचा. तो आम्हाला या विषयातला सर्वांत मोठा धडा वाटतो, आणि रचनेच्या अभ्यासक्रमात तो शिकवला जात नाही याचे वाईट वाटते.

गिरणीत सर्वांत चांगला पगार विणकाम खात्यात होता. अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. ते सूतखात्यात, कमी मजुरीच्या कामावर. कारण काय? कारण एका लाकडी वस्तूत होते: धोटा. मागावर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढायचे. एका मागावरचा धोटा आज एका कामगाराच्या तोंडाला, उद्या दुसऱ्याच्या. इतर जातींच्या विणकरांना यात विटाळ दिसला.

परदेशातही हीच पद्धत होती. तिथे तक्रार झाली ती रोगाची. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते, क्षय पसरतो, असे डॉक्टर सांगत होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच अशा धोट्यावर बंदी घातली. हाताने धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा बनत होते. म्हणजे मुंबईत संप झाला तेव्हा उपाय जगात उपलब्ध होता. पण इथे धोटा बदलण्याऐवजी माणूस बाहेर ठेवला. यंत्र लँकेशायरचे, त्यावर पहारा मनुस्मृतीचा.

बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांपुढे ही गोष्ट ठेवली. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलता, मग विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला उघडण्याची मागणी करा. नेत्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. कागदावर आली तरी खात्याचे दार त्यामुळे लगेच उघडले नाही. पण बाबासाहेबांनी त्या दिवशी जे केले ते खऱ्या अर्थाने माणूसकेंद्री संशोधन होते. सगळ्या कामगारांची सरासरी अडचण विचारली असती तर मजुरी आणि तास एवढेच उत्तर आले असते. त्यांनी दाराबाहेर ठेवलेल्याला विचारले आणि उत्तरात धोटा सापडला. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे हा विचार त्यांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडला. त्याची खूण गिरणीच्या खात्यात आधीच दिसत होती.

गिरण्या गेल्या, पण शहराच्या रचनेत गरिबाला विचारायचे नाही ही रीत राहिली. तिला धक्का दिला तो संडासाने. १९९९ च्या सुमारास पुण्यात महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात वस्त्यांमधल्या सार्वजनिक संडासांचे काम संस्थांना दिले गेले. 'स्पार्क', राष्ट्रीय झोपडपट्टी महासंघ आणि 'महिला मिलन' यांनी त्यात मोठा वाटा उचलला. 'महिला मिलन' म्हणजे मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांमधून उभी राहिलेली संघटना. १९८५ मध्ये फुटपाथवासीयांनी 'स्पार्क'च्या मदतीने स्वतःचीच गणना केली होती. आपली मोजणी आपण करायची, हा धडा त्या तिथे शिकल्या होत्या.

त्यांनी केलेले बदल पाहा. स्त्री-पुरुषांना वेगळी दारे, म्हणजे रांगेत पुरुषांच्या नजरा नाहीत. लहान मुलांसाठी वेगळे, छोट्या भोकाचे आणि धरायला दांडी असलेले संडास, कारण मोठ्यांच्या रांगेत मूल मागे ढकलले जाते आणि काळोख्या खोलीला घाबरून बाहेर बसते. उजेड, हवा, पाण्याची मोठी टाकी. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तिथेच खोली. दर वेळी पैसे मोजण्याऐवजी कुटुंबाचा महिन्याचा पास. यातली एकही गोष्ट महाग नव्हती. इंजिनिअरला ती सुचली नव्हती, कारण त्याने सकाळी सहाला हातात डबा आणि कडेवर मूल घेऊन ती रांग लावली नव्हती. त्या काही वर्षांत पुण्यात ४०० हून अधिक संडासांच्या इमारतींचे काम हाती घेण्यात आले. हे यश खरे आहे.

पण इमारतीच्या खाली पाहा. तिथे मैल्याची टाकी आहे. वर कोण बसणार हे विचारले गेले. खाली कोण उतरणार, हा प्रश्न अशा बैठकांत सहसा निघतच नाही. टाकीचे झाकण केवढे, टँकर गल्लीत शिरतो का, पाइप टाकीपर्यंत पोहोचतो का, हेही रचनेचेच प्रश्न आहेत. आम्ही ज्या वस्त्यांत जातो तिथे रस्ता इतका अरुंद असतो की टँकर नाक्यावरच थांबतो. मग ठेकेदार माणूस बोलावतो. तो कोणत्या समाजातला असतो हे सांगायला आम्हाला आकडेवारी लागत नाही.

कायदे आहेत. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. मरणाची भरपाई वाढली, पण झाकण तेवढेच राहिले. यंत्र बनत नाही असे नाही. २०१९ मध्ये दिल्लीत अरुंद गल्लीत शिरू शकणारी २०० छोटी सफाई यंत्रे रस्त्यावर आली. जे हैदराबाद आणि दिल्लीला जमते ते प्रत्येक नगरपालिकेला जमले पाहिजे. धोट्याचीच गोष्ट पुन्हा घडते आहे. उपाय जगात आहे, पण माणूस स्वस्त आहे.

मग खालच्या टोकाच्या माणसाला विचारून रचना झाली, असे उदाहरण आहे का? आहे, आणि तेही पुण्यातच. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांमध्ये काम करू लागल्या. या बायका बहुसंख्येने दलित. त्यांची पहिली मागणी अक्षरांची नव्हती. कचरा उकिरड्यावर जाऊन कुजण्याआधी, ओला-सुका वेगळा करून, दारातच मिळावा, ही होती. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्रे मिळाली. चोर म्हणून हाकलली जाणारी बाई कामगार म्हणून सोसायटीच्या दारात उभी राहू लागली. २००८ मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. ओला-सुका कचरा वेगळा करा, हे आज प्रत्येक शहर सांगते. पण ही अक्कल रस्त्यावरच्या बाईची आहे.

त्यांचीच दुसरी गोष्ट लाल ठिपक्याची. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे कचऱ्यात यायचे आणि ते हाताने वेगळे करावे लागायचे. बायकांनी मागणी केली: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. २०१३ मध्ये तर वापरलेले पॅड भरलेल्या पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवल्या गेल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत विल्हेवाटीसाठी पिशवी देण्याची गोष्ट आली. एक ठिपका, पण त्यामागे संघटना होती म्हणून तो नियमापर्यंत गेला. आणि संघटना आहे म्हणून लढाई संपलेली नाही. महापालिकेशी कराराचे नूतनीकरण हा प्रश्न आजही पुन्हा पुन्हा उभा राहतो.

काही मित्र म्हणतील, हे सगळे संशोधन एनजीओंचे खूळ आहे, लढा बोथट करण्याचे साधन आहे. आम्हाला हे अर्धेच पटते. लढ्याशिवाय केलेले संशोधन चिठ्ठ्यांवर राहते हे खरे. पण धोट्याकडे कोणी नीट पाहिलेच नसते तर मागणी काय लिहिली असती? अन्यायाचा नेमका खिळा कुठे ठोकला आहे हे शोधणे हासुद्धा चळवळीचाच भाग आहे. महाडला पाण्याचा हक्क मागताना बाबासाहेबांनी कायदा, ठराव, कागदपत्रे सगळे पाहिले होते.

म्हणून वस्तीत चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांना आमच्या तीन अटी आहेत. पहिली, वापरणाऱ्याबरोबर साफ करणाऱ्याला, उचलणाऱ्याला, वाहणाऱ्यालाही विचारा, आणि त्याच्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती द्या. दुसरी, त्याला 'नको' म्हणण्याचा अधिकार द्या. नुसते मत घ्यायचे आणि निर्णय ऑफिसात करायचा, हे चालणार नाही. तिसरी, जात विचारायला लाजू नका. फॉर्मवर जातीचा रकाना नसला म्हणून टाकीत उतरणाऱ्याची जात पुसली जात नाही.

एवढे केले तर माणूसकेंद्री रचना हा शब्द आम्हीही अभिमानाने वापरू. नाहीतर वरचा संडास कितीही सुंदर झाला, तरी खालच्या टाकीत आपला भाऊ उतरत राहील.

जय भीम!