३.३ची कुळकथा

लाटांचं संगणकीय प्रारूप म्हणजे समुद्राचा कापून घेतलेला तुकडा. बंदर, खाडी, किनारा त्याच्या आत. लाटा उठवणारी वादळं बहुधा बाहेर. कापलेल्या कडेवरून कोणत्या लाटा आत येतात, हे प्रारूपाला सांगावं लागतं. हीच सीमाअट. ती न दिलेल्या कडेवरून एकही लाट आत येत नाही आणि तिच्या आत शांत पाण्याची खोटी सावली पसरत जाते.

पण येणाऱ्या लाटा आकड्यांत सांगायच्या कशा? दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी हाराल्ड स्वेर्द्रुप आणि वॉल्टर मंक यांनी लाटांचे अंदाज बांधले, ते उंची आणि आवर्तकाल या दोनच आकड्यांवर. उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. खऱ्या समुद्रात मात्र लांब-आखूड लाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. कोणत्या लाटांत किती ऊर्जा आहे, हे दाखवणारा वर्णपट हवा होता.

१९६८-६९मध्ये क्लाउस हासेलमान आणि सहकाऱ्यांनी जर्मनीच्या सिल्ट बेटापासून पश्चिमेला, उत्तर समुद्रात १६० किलोमीटरपर्यंत मोजणीची ठाणी एका रेषेत मांडली. जमिनीकडून वारा सुटला की किनाऱ्यापासून दूर जाताना लाटा कशा वाढतात, ते ठाण्यागणिक टिपता येई. १९७३च्या अहवालात निष्कर्ष आला: वाढत्या लाटांच्या वर्णपटाचं शिखर, त्याच वारंवारतेला शिखर असलेल्या पूर्ण वाढलेल्या समुद्राच्या वर्णपट-सूत्रातून येणाऱ्या शिखराहून सरासरी ३.३ पट उंच. लाटा आपसांत ऊर्जेची देवघेव करतात, म्हणून ते असं टोकदार राहतं. (हेच हासेलमान २०२१च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.)

पुढे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला ‘स्वॉन’ हे किनारी लाटांचं प्रारूप घडलं. वापरणाऱ्याने सीमेवर उंची आणि आवर्तकाल दिले, पण शिखराच्या टोकदारपणाबद्दल वेगळं काही सांगितलं नाही, तर त्यात हाच ३.३ धरला जातो.

कोकणासमोर या आकड्याची मर्यादा उघडी पडते. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्याच्या लाटा वायव्येकडून येतात, तर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा नैर्ऋत्येकडून. वर्णपटाला दोन शिखरं, दोन दिशा. सिल्टजवळच्या तरुण लाटांवरून काढलेलं एकच शिखर इथे कसं बसणार?

म्हणून आधी महासागराचं मोठं प्रारूप चालवतात आणि लहान प्रारूपाच्या कडेवरच्या प्रत्येक बिंदूला त्यातला दिशांसह पूर्ण वर्णपट, ठरावीक वेळाच्या अंतराने, पुरवतात. ते मोठं प्रारूप विषुववृत्तापाशीच तोडलं, तर दक्षिणेच्या लाटा पुन्हा गळतात. त्याची कड थेट त्या वादळांच्या पट्ट्यापलीकडे न्यावी लागते.