नदीचा जमाखर्च

नदीला पाणी येतें कोठून, हा प्रश्न आज शाळकरी मुलासही सोपा वाटेल. परंतु सतराव्या शतकांत युरोपांतील अनेक विद्वानांची समजूत अशी होती कीं, केवळ पावसानें नद्या वाहणें शक्य नाहीं. समुद्राचें पाणीच भूमीच्या पोटांतून वर चढत असावें. १६७४ सालीं पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थानें या समजुतीला आकड्यांनीं उत्तर दिलें. सीन नदीच्या उगमाकडील खोऱ्यावर वर्षाकाठीं पडणारा पाऊस आणि नदीचा प्रवाह यांचा त्यानें हिशेब मांडला, व पावसाचा सहावा हिस्साही नदीला पुरेसा आहे, असें दाखविलें.

पेरोनें एका खोऱ्याचा हिशेब केला. आज तो हजारों खोऱ्यांचा होतो. अमेरिकेंतील ६७१ पाणलोट क्षेत्रांचा पाऊस, प्रवाह, माती व झाडी यांची नोंद असलेला ‘कॅमल्स’ हा संग्रह २०१७ सालीं सिद्ध झाला. चिली, ब्राझील, ब्रिटन या देशांचेही तसे संग्रह झाले. पण प्रत्येकाचें हवामानाचें माप निराळें. तेव्हां २०२३ सालीं ‘कॅरव्हान’ या संग्रहानें ६,८३० क्षेत्रें एकत्र आणलीं, आणि सर्वांना हवामानाचे आकडे ‘ईआरए-५ लँड’ या एकाच जागतिक साधनांतून पुरविले. उंटांचा असा तांडा झाला!

तांडा मोठा झाला खरा; पण पाठीवरचें ओझें तपासावयास नको काय? २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अमेरिका, ब्राझील व ब्रिटन येथील त्याच क्षेत्रांसाठीं दोन्ही प्रकारचे आकडे ताडून पाहिले. कॅरव्हानच्या आकड्यांवरून काढलेला प्रवाह प्रत्यक्षाशीं कमी जुळला. संभाव्य बाष्पीभवन तर कित्येक ठिकाणीं अवास्तव मोठें निघालें. यांत नवल नाहीं. जागतिक साधनांतील पाऊस पर्जन्यमापकांतून घेतलेला नसतो. तो सुमारें ९ किलोमीटरांच्या चौकोनांवर गणितानें काढलेला असतो. डोंगराची एक बाजू भिजून दुसरी कोरडी राहिली, तर तो भेद अशा चौकोनांत सहज बुजून जातो.

मापांची एकरूपता म्हणजे मापांची सत्यता नव्हे, हा यांतील बोध. तथापि तांडा टाकून देणेंही शहाणपणाचें नाहीं. ज्या नद्यांवर मापनाची सोयच नाहीं, तेथील पुराचा अंदाज अशा व्यापक संग्रहांवरून शिकलेल्या गणितावरच बांधावा लागतो. आणि तो चुकला तर त्याची किंमत नदीकांठची वस्ती देते. म्हणून जेथें स्थानिक नोंद आहे, तेथें जागतिक आकडा तिच्या कसोटीस लावून मगच पुढें जावें. पेरोनें पंडितांचा शब्द प्रमाण न मानतां हिशेब मांडला. आपणही केवळ मोठ्या संख्येचा शब्द प्रमाण मानूं नये.