कान फुटणे : एका भीतीचा आणि एका औषधाचा इतिहास

मराठी कुटुंब आपला मुलूख सोडून कुठेही स्थायिक झाले, तरी दुखण्याखुपण्याचे शब्द ते सहसा सोडत नाही. ‘कान ठणकणे’, ‘कान फुटणे’ आणि ‘कान वाहणे’ हे त्यांतलेच तीन. घरची बोली हिंदीने, गुजरातीने वा कानडीने कितीही रंगलेली असो, मध्यरात्री कानाला हात लावून रडत उठलेल्या नातवंडाविषयी आजी याच शब्दांत बोलते. नीट पाहिले तर या तीन शब्दांत एका रोगाचा सबंध क्रम आहे.

सर्दी झाली की घशाच्या वरच्या भागातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी सुजते. लहान मुलांत ही नळी आखूड व जवळजवळ आडवी असते, त्यामुळे ती लवकर तुंबते. आत पाणी साचते, त्यात जंतू वाढतात, पू होतो आणि पडद्यावर दाब येतो. हा ठणका. दाब असह्य झाला की पडद्याला छिद्र पडून पू बाहेर येतो. कान फुटला असे आपण म्हणतो, आणि गंमत अशी की त्याच घटकेला मूल शांत झोपी जाते. बहुतेक वेळा पडदा पुन्हा सांधतो. तो सांधला नाही, तर कान महिनोन्‌महिने वाहत राहतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णशूलही आहे आणि कर्णस्रावही. म्हणजे निरीक्षण जुनेच आहे. नवी आहे ती उपचाराची कथा, आणि ती गेल्या दीडशे वर्षांतली आहे.

मध्यकर्णातला पू प्रत्येक वेळी पडद्यातूनच वाट काढतो असे नाही. कानामागे हाताला लागणारे जे उंचवट्याचे हाड असते, ते आतून मधाच्या पोळ्यासारखे पोकळ असते. पू तिथे शिरला की कानामागे सूज येते, कान पुढे ढकलला जातो. तिथून मेंदूची आवरणे फार दूर नाहीत. डब्लिनचे सर विल्यम वाइल्ड हे एकोणिसाव्या शतकातले नामांकित कर्णशल्यज्ञ. कानाच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ १८५३ साली प्रसिद्ध झाला, आणि कानामागे छेद देऊन पू काढण्याच्या रीतीला त्यांचेच नाव पडले. त्यांचा मुलगा ऑस्कर वाइल्ड, आपल्या सर्वांच्या परिचयाचा नाटककार, ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमध्ये वारला. वय अवघे ४६. जुने कानाचे दुखणे मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचले, असेच अनेक अभ्यासक मानतात. पिता त्या विद्येतला अधिकारी, आणि तरी त्या काळाच्या हाती छेदापलीकडे काही नव्हते. १८७३ मध्ये जर्मनीतल्या हाल गावी हेर्मान श्वार्त्झे यांनी कानामागचे हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. पुढची साठ-सत्तर वर्षे गंभीर रुग्णाला आधार तिचाच होता. आजीच्या आजीला कान फुटण्याची जी धास्ती वाटे, ती अज्ञानातून आलेली नव्हती.

मग चित्र पालटले. १९३५ मध्ये गेरहार्ट डोमाक यांनी प्रोन्टोसिल हे पहिले सल्फा औषध जाहीर केले. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत दिसलेले पेनिसिलिन ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी १९४०–४१ मध्ये रुग्णापर्यंत आणले. १९५४ मध्ये स्वीडनच्या रुडबर्ग यांनी मध्यकर्णदाहाच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे १७ जणांच्या कानामागच्या हाडात पू झाला होता. पेनिसिलिन मिळालेल्यांत असा एकही नव्हता. योगायोग असा की त्याच साली पुण्याजवळ पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

सत्तरच्या दशकात अमॉक्सिसिलिन आले. सुई नको, दवाखान्यात राहणे नको. बाटलीतल्या पुडीत खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालायचे, हलवायचे आणि चमच्याने पाजायचे, चवीला गोड. कान दुखला की हे औषध, असा परिपाठ जगभर पडला. भीती खरी होती, औषध खरे होते. प्रत्येक ठणक्याला ते हवेच का, हा प्रश्न मात्र बराच काळ कोणी फारसा विचारला नाही.

तो नेटाने विचारला नेदरलँड्समध्ये. व्हान ब्युखेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये १७१ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींच्या पडद्याला छेद दिला, काहींना प्रतिजैविक दिले, काहींना दोन्ही, आणि काहींना दोन्ही नाही. चारही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. १९८५ मध्ये त्यांनी ४,८६० मुलांची हकिकत मांडली. पहिले तीन-चार दिवस फक्त नाकात थेंब आणि वेदनाशामक. शेकडा ९० हून अधिक मुले थोड्याच दिवसांत बरी झाली. कानामागच्या हाडात पू झाला तो दोघांना. १९९० मध्ये तिथल्या कुटुंबवैद्यांच्या संस्थेने हीच रीत मार्गदर्शक म्हणून स्वीकारली. २००४ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनीही निवडक मुलांसाठी ४८ ते ७२ तास थांबण्याचा पर्याय मान्य केला.

पण इतिहास इथे एका बाजूला झुकून थांबत नाही. २०११ मध्ये फिनलंड आणि अमेरिका इथले दोन काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाले. निदान खात्रीचे असेल, तर अगदी लहान मुलांना प्रतिजैविकाचा फायदा होतो, असे त्यांत दिसले. जुलाबही अधिक होतात, हेही दिसले. म्हणून २०१३ च्या सुधारित अमेरिकी सूचनांत सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी भेद केला आहे. दोन वर्षांच्या आतले आणि दोन्ही कान धरलेले मूल, कान वाहणारे मूल, तीव्र वेदना वा जास्त ताप असलेले मूल : यांना औषध द्यावे. बाकीच्यांची वेदना शमवावी आणि लक्ष ठेवावे.

नसलेल्या गरजेला औषध दिले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. जंतू शिकतात. कानाच्या दुखण्यात नेहमी सापडणारा न्यूमोकॉकस १९६० च्या दशकातच पेनिसिलिनला दाद देईनासा होऊ लागला. आइसलँडमध्ये असे जंतू १९८० च्या दशकाअखेर दिसले आणि काही वर्षांत झपाट्याने पसरले. मुलांना प्रतिजैविके देणे आवरल्यावर त्यांचे प्रमाण उतरले. ज्या मुलाला उद्या औषधाची खरी गरज पडेल, त्याचा वाटा आज असा खर्ची पडतो.

डच रीत आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येईल काय? तिथे थांबणारे मूल ओळखीच्या वैद्याच्या नजरेखाली असते. बिघडले तर दुसऱ्या दिवशी दार उघडे असते. आपल्याकडे एकीकडे दुकानातून परस्पर घेतलेली अर्धी बाटली आणि दुसरीकडे वर्षानुवर्षे वाहणारा कान, ही दोन्ही टोके एकाच गावात सापडतात. तेव्हा थांबायचे ते वैद्याने कान आत डोकावून पाहिल्यावर, पुन्हा कधी यायचे ते ठरवून. कानामागे सूज, मान ताठ होणे, गुंगी, सतत उलट्या यांपैकी काही दिसले तर एक तासही दवडू नये. वाहत्या कानात तेल घालू नये. औषध सुरू केले, तर सांगितलेले दिवस ते पुरे करावे.

आपल्यासारख्या घरांना या विषयात आणखी एक आस्था असावी. बाहेर दुसरी भाषा बोलली जाते. मुलाला मराठी मिळते ती घरात, कानावाटे, बोलायला शिकण्याच्या दोन-तीन वर्षांत. त्याच वर्षांत हा आजार सर्वांत जास्त होतो. ठणका गेल्यावरही पडद्यामागे काही आठवडे पाणी राहू शकते आणि ऐकू कमी येते. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा.