आमिष आणि आसरा : सोमेश्वराच्या ‘मत्स्यविनोदा’पासून बीडच्या मरळीपर्यंत

१/
बाराव्या शतकात कल्याणीच्या सिंहासनावर बसलेल्या एका राजाने मासे कसे ओळखावेत, त्यांना काय खाऊ घालावे आणि गळाने कसे धरावे, यावर संस्कृतात स्वतंत्र प्रकरण लिहिले. आजचा मराठवाडा आणि त्यातला बीड जिल्हा याच राजवटीच्या मुलखात होता. गळाच्या इतिहासाचा हा धागा तिथून सुरू होतो.

२/
राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सोमेश्वर तिसरा, सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र. बिरुद ‘भूलोकमल्ल’. त्याची कारकीर्द सुमारे ११२६ ते ११३८. ग्रंथ ‘मानसोल्लास’, दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणी’. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, एकूण शंभर. ओवीच्या प्राचीन उल्लेखामुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे.

३/
चौथी विंशती विनोदांची, म्हणजे राजाच्या करमणुकींची. त्यातले एक प्रकरण ‘मत्स्यविनोद’. सुमारे ३५ प्रकारच्या माशांची नोंद त्यात आहे. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे, मध्यम आणि लहान कोणते, अशी विभागणी केलेली आहे. शिकारीचे वर्णन करण्याआधी राजाने सावजाची जात नीट लावून घेतली.

४/
बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्यामालेत १९२५ पासून हा ग्रंथ टप्प्याटप्प्याने छापला गेला. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये ‘मत्स्यविनोदा’वर शोधनिबंध लिहिला. मत्स्यशास्त्रज्ञाच्या नजरेने वाचल्यावर दरबारी करमणुकीचे हे प्रकरण निरीक्षणाची वही ठरले.

५/
या प्रकरणाचे वैशिष्ट्य म्हणजे खाद्याला दिलेले महत्त्व. राजाचे आमिष हे खरेखुरे अन्न होते. माशाला खाऊ घालून त्याची सवय ओळखायची आणि मग गळ टाकायचा, असा हा क्रम. मासा अन्नापाशी येतो, हे त्यामागचे गृहीतक. परंतु काही मासे अन्नाच्या शोधात फिरत नाहीत. ते आडोशाला दबा धरून बसतात आणि अन्न समोरून जाण्याची वाट पाहतात.

६/
बीडच्या पाण्यातला असा मासा म्हणजे मरळ. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ तिला मिळते. मांजरा पाटोद्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे बिदर जिल्ह्यात जाते. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, याच बिदर जिल्ह्यात आहे.

७/
मरळ पाणकणसात, लव्हाळ्यात, बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत राहते. केवळ कल्ल्यांवर तिचे भागत नाही. अधूनमधून वर येऊन तिला हवा घ्यावी लागते. तिची एक जात, चन्ना स्ट्रायाटा, तळे आटल्यावर ओल्या चिखलातही काही काळ तग धरते. वारंवार दुष्काळ पडणाऱ्या प्रदेशात हा गुण फार मोलाचा. शेजारच्या तेलंगणाने तर मरळीलाच राज्यमासा केले आहे.

८/
दबा धरणाऱ्या माशाला आडोशातून बाहेर कसे काढावे? या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर अभ्यास अमेरिकेत झाला, तोही ‘बास’ या माशासाठी. बास आणि मरळ यांचे कूळ वेगळे, पण शिकारीची रीत सारखी. जेम्स हेनशॉल यांनी १८८१ मध्ये बासवर संपूर्ण पुस्तकच लिहिले. १९व्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधील जेम्स हेडन लाकडाचे बेडूक कोरू लागले. आमिषाची जागा आता आभासाने घेतली. अशा नकली आमिषाला ‘लुअर’ म्हणतात.

९/
अडचण एकच होती. मासा जिथे लपतो, तिथेच गळ फांदीत अडकतो. १९४९ मध्ये ओहायोतील निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचा किडा साच्यात ओतून तयार केला. पुढे टेक्सासच्या गळकऱ्यांनी गळाचे टोक त्या किड्याच्या अंगातच दडवले आणि पुढे शिशाची गोळी ओवली. आता लुअर काटेरी फांद्यांतून न अडकता सरकू लागला. माशाने चावा घेऊन गळकऱ्याने झटका दिला की दडलेले टोक बाहेर येई. ही ‘टेक्सास रिग’.

१०/
या तंत्राला धरणांनी मोठे क्षेत्र मिळवून दिले. पाणी चढले, झाडे बुडाली आणि बासला आयता आसरा मिळाला. १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधील बीव्हर लेक या नव्या जलाशयावर स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी बास गळकऱ्यांची संघटना उभारली. बुडालेली राने या खेळाची क्रीडांगणे झाली.

११/
मराठवाड्यातही धरणे उभी राहिली. गोदावरीवर जायकवाडी, सिंदफणेवर माजलगाव, मांजरेवर धनेगाव. पाणी वाढले की काठचे बांध, विहिरींचे कठडे, बाभळी पाण्याखाली जातात. मरळीला अशा उथळ, झुडपाळ कडा मानवतात. आज तिच्यासाठी वापरला जातो तो मऊ रबरी बेडूक. त्याचे गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो शेवाळावरूनही घसरत येतो.

१२/
तंत्र असे : बेडूक थेट आडोशावर आपटायचा नाही. तो पलीकडे टाकून कडेकडेने ओढत आणायचा आणि मोकळ्या फटीपाशी क्षणभर थांबवायचा. बहुधा झडप त्या थांब्यातच पडते. पाणी फुटताच झटका देण्याचा मोह आवरायचा, कारण मरळीने बेडूक तोंडात नीट घ्यायला हवा. मग दोरी ताणून तिला लगेच गवताबाहेर काढायचे. ढील मिळाली की ती मुळांत शिरते.

१३/
पण याच आडोशाची दुसरी बाजू आहे. पावसाळ्याच्या सुमारास मरळ वनस्पतींत जागा मोकळी करून अंडी घालते. पिले निघाल्यावर त्यांचा तांबूस-नारिंगी थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरतो आणि त्याखाली आई-बाप पहारा देतात. जवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते तुटून पडतात. त्या घडीला बेडकावर पडणारी झडप भुकेची नसते, राखणीची असते.

१४/
म्हणून तो थवा पाहून गळ टाकणे सोपे, पण त्याची किंमत जबर. राखणदार उचलला की इतर मासे आणि पाणपक्षी पिलांचा फडशा पाडतात. एका माशापायी एक पिढी जाते. जिथे पाणीच बेभरवशाचे, तिथे हा तोटा अधिक जड. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी मूठभर डबक्यांत उरलेल्या मरळींवरच पुढच्या हंगामाची भिस्त असते.

१५/
अमेरिकेतही हा प्रश्न उभा राहिला. १९७२ पासून रे स्कॉट यांनी स्पर्धेत धरलेले मासे जिवंत सोडण्याची प्रथा रुजवली. बीडच्या पाण्याचे गणित मात्र वेगळे आहे. इथल्या जलाशयांत मच्छीमार सहकारी संस्थांतील कुटुंबांचे पोट मासळीवर चालते. हौशी गळकऱ्याने सोडलेली मरळ उद्या कोणाच्या तरी जाळ्यात येईल, आणि तो त्यांच्या हक्काचा घास आहे. राखणदार मात्र दोघांनीही वाचवायला हवा.

१६/
सोमेश्वराच्या प्रकरणात जाती आधी येतात, मग खाद्य, मग गळ. आठशे-नऊशे वर्षांत काठी बदलली, दोरी बदलली, अन्नाच्या जागी रबरी बेडूक आला. तो क्रम मात्र अजून खरा आहे. मासा कुठे लपतो हे ज्याला कळले, त्याला तो का लपतो हेही कळायला हवे. माजलगावच्या काठावर गवताशेजारी नारिंगी थवा दिसला, तर दोरी गुंडाळून पुढच्या बाभळीकडे जावे.