यवतमाळचा कापूस मँचेस्टरला गेला, मग संत्रे लंडनच्या दुकानात का दिसत नाही?

परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना पहिल्याच हिवाळ्यात एक प्रश्न पडतो. सुपरमार्केटमध्ये फळांच्या मांडणीपाशी जाळीच्या पिशव्या रचलेल्या असतात. आत लहान, गोल, झगझगीत केशरी फळे. इंग्लंडमध्ये पिशवीवर ‘ईझी पीलर’ असे लिहिलेले असते, अमेरिकेत ‘मँडरिन’ किंवा ‘क्लेमेंटाइन’. खाली देशाचे नाव: स्पेन, मोरोक्को, दक्षिण आफ्रिका, पेरू. नेर किंवा दारव्ह्याकडच्या, घरी संत्र्याची बाग असलेल्या मुलाने त्यातले एक सोलून तोंडात टाकले, की तो म्हणतो, हे तर आपल्याच संत्र्याचे भाऊबंद. बी नाही आणि चवही निम्मीच. मग आपले संत्रे कुठे आहे? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

आधी त्या पिशवीवरच्या नावांकडे पाहू. ‘ऑरेंज’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातला ‘नारंग’ आहे, हे अनेकांना ठाऊक असते. तो फारसीतून अरबीत, अरबीतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून पुढे गेला. ‘मँडरिन’ची गंमत मात्र कमी जणांना ठाऊक असते. पोर्तुगीज चिनी दरबारातल्या अधिकाऱ्यांना ‘मँदारिम’ म्हणत. तो शब्द त्यांनी मलय भाषेतल्या ‘मेंतेरी’वरून घेतला आणि ‘मेंतेरी’ म्हणजे आपला ‘मंत्री’. लंडनच्या दुकानात दोन पौंडांना मिळणाऱ्या जाळीवर संस्कृत शब्द असा लपून बसला आहे. आपल्या ‘संत्रे’ या नावाविषयीही एक कथा सांगितली जाते, की पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून ते पडले. मला ती पटत नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ नोंदवला आहे. पोर्तुगीजांना भारतात येऊन तेव्हा जेमतेम तीस वर्षे झाली होती. त्या अवधीत किनाऱ्यावरचे एक नाव उत्तरेतल्या फळबागांत रुजले असेल, हे कठीण वाटते.

विदर्भात संत्रे भोसल्यांच्या काळात आले, असे परंपरा सांगते. रघुजीराजांनी औरंगाबादहून रोपे आणून नागपुरात लावली, ही ती परंपरा. नेमके कोणते रघुजी आणि कोणते साल याविषयी लेखकांत एकमत नाही. कोणी अठरावे शतक सांगतो, कोणी एकोणिसाव्याची अखेर. मात्र काळी कसदार जमीन, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ‘ताण’ देण्याची रीत आणि डोळा बांधून केलेली कलमे यांच्या बळावर हे फळ नागपूरहून वर्धा आणि अमरावतीत व पुढे यवतमाळच्या काही भागांत पसरले. त्याचे दोन बहर येतात. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या मागेपुढे उतरतो. मृग बहर पावसाच्या तोंडावर फुलतो आणि फेब्रुवारीपासून हाती येतो.

आता इतिहासप्रेमींना अडवणारा मुद्दा. यवतमाळ जगापासून तुटलेला होता, म्हणून फळ बाहेर गेले नाही, असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्ताचे खास पद निर्माण झाले आणि त्यावर रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. एका पिकासाठी एक आयुक्त! पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची अडीच फुटी नॅरोगेज लाइन टाकली. तीच आपली ‘शकुंतला’. दारव्ह्यावरून जाणारी ही गाडी कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या रेल्वेच्या हवाली करी, तिथून त्या मुंबईला आणि मुंबईहून बोटीने विलायतेला जात. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. ज्या शहराकडे माल जायचा, तिथूनच इंजिन आले होते.

म्हणजे वाट होती. पण ती वाट गाठीसाठी होती. कापूस सरकीपासून वेगळा करायचा, दाबयंत्रात घट्ट दाबायचा, वर पट्ट्या आवळायच्या. मग ती गाठ महिनाभर गोदामात पडून राहिली काय आणि तीन आठवडे जहाजाच्या पोटात राहिली काय, तिचे फारसे बिघडत नाही. फळ तोडल्यावरही श्वास घेत असते. त्याला गारवा लागतो, हवा लागते आणि मुख्य म्हणजे घाई लागते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वऱ्हाडात गावोगाव उभे राहिले, शीतगृहांची साखळी मात्र कोणी उभारली नाही. ज्या सत्तेला सूत हवे होते, तिने सुताची सोय केली.

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतात निसर्गतःच बी नसलेले एक मोठे संत्रे मिळाले होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याची कलमे मागवली आणि १८७३ मध्ये त्यांतली काही कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी एलायझा टिबेट्स या बाईंकडे पोहोचली. त्यांतले एक झाड आजही तिथे उभे आहे. त्या कलमांपासून बागाच्या बागा उठल्या, पण फळ विकायचे होते तीन-चार हजार किलोमीटर दूरच्या पूर्व किनाऱ्यावर. व्यापारी भाव पाडत, तेव्हा १८९३ मध्ये बागायतदारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. बर्फ भरलेल्या रेल्वेडब्यांतून फळ जाऊ लागले. १९०८ मध्ये या संस्थेने ‘सनकिस्ट’ हे नाव घेऊन जाहिरात सुरू केली. प्रत्येक फळ नाव छापलेल्या पातळ कागदात गुंडाळलेले असे. अर्थात या यशोगाथेच्या मुळाशी चिनी, जपानी आणि मेक्सिकन मजुरांची स्वस्त मेहनतही होती, हे विसरता येत नाही.

दुसरी घटना फळाशी थेट संबंध नसलेली, पण माझ्या मते अधिक निर्णायक. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने ‘पिग्ली विग्ली’ नावाचे दुकान उघडले. तोवर गिऱ्हाईक गल्ल्यापुढे उभे राही आणि दुकानदार माल काढून देई. इथे गिऱ्हाइकाने टोपली घेऊन आत शिरायचे, हवे ते स्वतः उचलायचे आणि दाराशी पैसे द्यायचे. सुपरमार्केटचा जन्म या कल्पनेतून झाला.

आपल्याकडच्या हातगाडीशी याची तुलना करून पाहा. गाडीवाला एक फळ सोलतो, फोड हातावर ठेवतो, ‘खाऊन पाहा, मग घ्या’ म्हणतो. साल हिरवट असली, वर डाग असला तरी चालते, कारण जीभ साक्षीला असते. सुपरमार्केटमध्ये फोड देणारा माणूसच नाही. तिथे निवड डोळ्यांनी होते आणि डोळ्यांना चव कळत नाही. रंग, आकार आणि सालीची तुकतुकी कळते. अमेरिकेत संत्र्याच्या सालीला केशरी रंग देण्यासाठी एका रंगद्रव्याला १९५० च्या दशकात कायद्याने परवानगी मिळाली, यावरून डोळ्यांची सत्ता किती हे समजावे.

या कसोटीवर जे फळ उतरले, ते क्लेमेंटाइन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्जीरियातल्या मिसरघिन गावच्या अनाथाश्रमात क्लेमां रोदिए नावाचे धर्मबंधू बाग सांभाळत. त्यांच्या बागेत मँडरिन आणि गोड संत्रे यांच्या आपोआप झालेल्या संकरातून हे झाड निघाले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. साल सुटते पण फार सैल नसते, आकार मुलांच्या मुठीत मावणारा, आणि परागांची सरमिसळ झाली नाही तर बी जवळजवळ नाही. या शेवटच्या अटीपायी कॅलिफोर्नियात बागायतदार आणि मधमाश्या पाळणारे यांच्यात २००६ च्या सुमारास भांडण जुंपले. माश्या दुसऱ्या बागेतले पराग आणतात, त्यामुळे फळात बिया धरतात, तेव्हा पेट्या दूर न्या, असा बागायतदारांचा आग्रह होता. काहींनी तर फुलोऱ्याच्या दिवसांत झाडांवर जाळी घातली. बियांचा एवढा धाक!

आता आपले नागपुरी संत्रे त्या मांडणीवर ठेवून पाहा. साल इतकी सैल की लहान मूलही सोलू शकते. पण त्याच सैलपणामुळे पेटीत दाब बसला की फळ आतून दुखावते. रस भरपूर, गोडी-आंबटपणाचा तोल अप्रतिम, पण बिया आहेत. आंबिया बहराचे फळ आतून गोड झाले तरी सालीवर हिरवी झाक राहते, कारण केशरी रंग चढायला थंड रात्री लागतात आणि ऑक्टोबरात त्या विदर्भात नसतात. म्हणजे घरी जे गुण म्हणून वाखाणले जाते, किंवा ज्याकडे कोणी लक्षही देत नाही, ते सारे त्या दुकानात दोष ठरते. शिवाय बागांचे व्यवहार बहुधा झाडावरच, हजार फळांच्या भावाने होतात. तोडणी, प्रतवारी आणि पेटी व्यापाऱ्याच्या हाती जाते, आणि परदेशी दुकानाला काय हवे ते कळण्याची संधी बागायतदाराला मिळतच नाही.

विदर्भात सहकाराचा प्रयत्न झाला नाही, असे नाही. घरोघरी सॉस-जॅमच्या बाटलीवर दिसणारे ‘नोगा’ हे नाव म्हणजे नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनची आद्याक्षरे. संत्रे पिकवणाऱ्यांच्या संघटनेचे ते नाव पुढे राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेले आणि आज त्या नावाने टोमॅटो केचप विकले जाते. सनकिस्ट आणि नोगा यांची तुलना कोणी अभ्यासकाने मनावर घेऊन करावी, असा हा विषय आहे.

मराठी शेतकऱ्याचे फळ परदेशी मांडणीवर पोहोचूच शकत नाही, हा समजही खोटा आहे. नाशिक-सांगलीची द्राक्षे तिथे आहेत. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही बागायतदारांची भागीदारी संस्था उभी राहिली. थॉम्पसन सीडलेस ही जात बिनबियांची होतीच. त्यात दक्षिण गोलार्धातला हंगाम सरताना आणि युरोपातला सुरू होण्याआधी, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास जी पोकळी पडते, तिच्यात आपले द्राक्ष नेमके बसले. तरी वाट सोपी नव्हती. कीटकनाशकांच्या अंशावरून माल अडला आणि २००६ मध्ये बागेपासून पेटीपर्यंत प्रत्येक घडाचा माग ठेवणारी ‘ग्रेपनेट’ व्यवस्था आली. आंब्याचेही तसेच. अमेरिकेत १९८९ पासून बंद असलेली भारतीय आंब्याची आयात २००७ मध्ये खुली झाली, ती लासलगावच्या केंद्रात फळांवर गॅमा किरणांचा मारा करण्याच्या अटीवर. कारण कोयीत दडलेला भुंगा बाहेरून दिसत नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीवरून आंबा रोखला आणि २०१५ च्या आरंभी बंदी उठवली. परदेशातल्या मराठी घरांत उन्हाळ्यात जी डझनाची पेटी येते, तिच्यामागे एवढा खटाटोप आहे.

संत्र्याची खरी परदेशी बाजारपेठ होती बांगलादेश. तिथे सुपरमार्केटची नजर आडवी येत नव्हती. ट्रक आणि रेल्वेने फळ जाई आणि हातोहात खपे. २०१९ नंतर बांगलादेशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले. किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेला कर २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेला आणि विदर्भातला भाव कोसळला. राज्य सरकारला निर्यातीवर अनुदान जाहीर करावे लागले. कापसाच्या बेभरवशाच्या भावाला कंटाळून ज्यांनी बाग लावली होती, त्यांच्यापुढे पुन्हा दूरच्या राजधानीत ठरणारा दर उभा राहिला. आधीच डिंक्या, कोळशी आणि खोल जाणारे पाणी यांनी बागा जेरीस आणल्या होत्या. कित्येकांनी झाडांना कुऱ्हाड लावली.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेने नागपुरी संत्र्यातूनच कमी बियांची एक निवड काढली आहे. २०१४ मध्ये ‘नागपूर संत्रे’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. शकुंतला आता थांबली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. चिंतामणीच्या कळंबला आता मोठी गाडी येते. नेर-दारव्ह्याची संत्री अजून ट्रकनेच जातात.